उलट्या झेंड्याचं जहाज

४ मार्च, मंगळवार

आज वर्गात सहा जण होते. सातवी मुलगी आली होती, पण ती खोली चुकली होती. तिला विम्याचा तास हवा होता. मी म्हणालो, ‘‘बसा, हेही आयुष्यात उपयोगी पडतं.’’ ती हसली आणि गेली.

आंतरराष्ट्रीय कायदा हा विषय मी केस काळे होते तेव्हापासून शिकवतोय. शेजारच्या दालनात व्यापारी कायद्याच्या तासाला मुलं खिडकीत बसतात. तिथला हशा माझ्या वर्गात ऐकू येतो. माझ्या वर्गातलं तिकडे काही ऐकू जात नाही.

पण आज दुपारी परराष्ट्र मंत्रालयातून फोन आला. सचिवबाई स्वतः बोलत होत्या.

‘‘आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक तुम्हीच ना? उद्या सकाळी येता येईल? आमचे कायदा सल्लागार अचानक आजारी पडलेत.’’

‘‘अरेरे! काय झालंय त्यांना?’’

‘‘ते अजून ठरलेलं नाही.’’

मला वाटतं, निदान व्हायचं बाकी असावं. बिचारे.

घरी सांगितलं. आई म्हणाली, ‘‘चला, शेवटी कोणीतरी विचारलं तुला.’’ बायको दाताची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून आल्यावर तिला फार बोलायचं नसतं. ती एवढंच म्हणाली, ‘‘निळा कोट घाल. तपकिरी कोटात तू आधीच हरलेला दिसतोस.’’

५ मार्च, बुधवार

मंत्रालय पाहिलं. जिने संगमरवरी, पण माझ्या खोलीतल्या खुर्चीचा एक पाय आखूड. आजारी सल्लागारांचा चहाचा कप टेबलावर तसाच होता. त्यात अजून अर्धा चहा होता. माणूस किती घाईत आजारी पडला असेल!

प्रकरण असं आहे. आपल्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात एक खडक आहे. त्यावर पक्षी बसतात आणि पक्ष्यांना जे करायचं ते करतात. बाकी तिथे काही नाही. शेजारच्या देशाने या वर्षीच्या शाळेच्या भूगोलात तो खडक आपल्या रंगात, म्हणजे त्यांच्या रंगात छापला. आपण निषेध केला. त्यांनी निषेधाचा निषेध केला. इथवर सगळं नेहमीप्रमाणे चाललं होतं. मग शनिवारी त्यांचं एक मालवाहू जहाज इंजिन बिघडल्यामुळे आपल्या बंदरात आसऱ्याला आलं. जहाजात मेंढ्या आहेत. दोन हजारांच्या आसपास. मंत्र्यांनी ते जहाज अडवून ठेवलंय.

मंत्री मोठे उमदे गृहस्थ आहेत. समोर आक्रोडांची वाटी, अडकित्ता-बिडकित्ता काही नाही, थेट दाढेखाली फोडतात. मला म्हणाले, ‘‘प्राध्यापक, हे जहाज आपण पूर्णपणे कायद्यानं अडवलंय.’’

‘‘कोणत्या कायद्यानं?’’

‘‘ते सांगायलाच तर तुम्हाला बोलावलंय!’’

सचिवबाईंनी खुलासा केला. परक्या बंदरात शिरताना जहाजानं त्या देशाचा झेंडा आदरानं लावायचा असतो. या जहाजानं आपला झेंडा उलटा लावला, असा बंदरअधिकाऱ्याचा अहवाल आहे.

मी नम्रपणे म्हणालो, ‘‘पण आपला झेंडा वरून आणि खालून सारखाच दिसतो.’’

मंत्र्यांनी हातातला आक्रोड वाटीत परत ठेवला. मग सचिवबाई म्हणाल्या, ‘‘म्हणूनच अपराध गंभीर आहे. कोणाच्या लक्षात येऊ नये अशी त्यांनी व्यवस्था केली.’’

सचिवबाईंची बुद्धी फार तीक्ष्ण आहे. हा मुद्दा मला सुचला नसता.

७ मार्च, शुक्रवार

माझं मत लिहून दिलं. अठरा पानं, त्याखाली त्रेचाळीस टिपा. स्पष्ट लिहिलं की संकटात सापडून आसऱ्याला आलेलं जहाज कोणत्याही देशाला असं धरून ठेवता येत नाही. ही रीत इतकी जुनी आहे की ती कागदावर यायच्या आधीपासून दर्यावर्दी पाळत आलेत.

मंत्र्यांनी पहिलं पान मन लावून वाचलं. ‘‘छान लिहिता. भाषा जोरदार आहे. हे त्यांच्याविरुद्ध वापरता येईल ना?’’

‘‘साहेब, हे आपल्याविरुद्ध आहे.’’

‘‘तेच म्हणतोय मी. उलटं करा.’’

कायदा म्हणजे काय कोट आहे, उलटा करायला? मी तत्त्वाचा माणूस आहे. पण सचिवबाई म्हणाल्या, आपण लिहिलं नाहीत तर बंदरअधिकारी लिहील, आणि त्याला शुद्धलेखन येत नाही. तेव्हा मी लिहिलं. मात्र ‘उलटा’ या शब्दाआधी प्रत्येक ठिकाणी ‘कथित’ घातलं. मंत्र्यांच्या ते लक्षात आलं नाही. कायद्याचा विजय असाच हळूहळू होत असतो.

८ मार्च, शनिवार

पलीकडून उत्तर आलं. खाली त्यांच्या कायदा सल्लागारांची सही आहे. कोणी बाई आहेत. पत्र अप्रतिम होतं. एकेक वाक्य असं घडवलेलं की मी दोनदा मोठ्यानं वाचलं. मग सचिवबाईंनी लक्षात आणून दिलं की हे आपलंच पत्र आहे. मागे त्यांनी आपलं एक जहाज धरलं होतं, तेव्हा आपण पाठवलेलं. बाईंनी फक्त देशांची नावं बदलली होती.

आम्ही काय करणार? त्या वेळी त्यांनी आपल्याला जे उत्तर दिलं होतं, ते शोधून काढलं आणि नावं बदलून पाठवून दिलं.

घरी जेवताना हे सांगितलं. आई म्हणाली, ‘‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. यासाठी तुला एवढं शिकवलं होय?’’

मी तिला समजावलं की आई, हे बाळबोध झालं. प्रत्यक्षात सार्वभौमत्वाचा सिद्धान्त फार गुंतागुंतीचा असतो.

‘‘बरं, मग तुझा तो कायदा कोणी मोडला तर पकडायला पोलीस कोण येतो?’’

‘‘तसा कोणी येत नाही.’’

‘‘मग बळी तो कान पिळी म्हण ना सरळ. एवढी पुस्तकं कशाला?’’

बायकोला हसू आलं आणि तिनं ते पाण्याच्या पेल्यात लपवलं.

११ मार्च, मंगळवार

आज जहाजावर गेलो. वस्तुस्थिती स्वतः पाहावी असं मीच सुचवलं होतं. बंदरअधिकाऱ्यानं शिडीपाशी नाकाला लावायला रुमाल दिला. मला वाटलं, मानाची काही रीत असेल. वर गेल्यावर कारण कळलं.

कप्तान सडपातळ, मृदू बोलणारा माणूस. त्यानं मला बसायला एक उलटी बादली दिली. ‘‘मला एकच सांगा साहेब. आम्ही कैदी आहोत का पाहुणे?’’

‘‘कायद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर…’’

‘‘कायद्याच्या नको, चाऱ्याच्या दृष्टीनं सांगा. कैदी असलो तर तुरुंगानं खायला घालायचं, पाहुणे असलो तर यजमानानं. चारा गुरुवारपर्यंत पुरेल. इंजिन तर आम्ही रविवारीच नीट केलं.’’

त्याच्यामागे जहाजाचा स्वयंपाकी उभा होता. त्याचा गाल चेंडूसारखा सुजला होता. दाढ दुखतेय, पण किनाऱ्यावर पाय ठेवायची परवानगी नाही. आणखी एक भानगड कप्तानानं सांगितली. या महिन्याच्या अखेरीला या स्वयंपाक्याचं लग्न आहे. समुद्रामुळे ते तीनदा पुढं गेलंय. चौथ्यांदा गेलं तर आपण दुसऱ्याशी लग्न करणार असं मुलीनं कळवलंय, आणि तो दुसरा कोण हेही तिनं नक्की केलंय.

स्वयंपाकी काही बोलला नाही. बोलणं शक्यही नव्हतं. नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला तिथे फार वेळ बसवलं नाही.

मंत्रालयात परतून चाऱ्याचा विषय काढला. सचिवबाई म्हणाल्या, ‘‘चारा दिला तर जहाज आपल्या ताब्यात आहे असं सिद्ध होईल. आपली भूमिका अशी आहे की आपण ते अडवलेलंच नाही.’’

‘‘मग?’’

‘‘फक्त ते सुटलेलं नाही.’’

बऱ्याच चर्चेनंतर चारा बंदरातून ‘हरवला’ असं दाखवायचं ठरलं. तो जहाजावर सापडला तर आपला नाइलाज.

१२ मार्च, बुधवार

संध्याकाळी घरी आलो तर घरभर मेंढ्यांचा वास. मला वाटलं, माझ्याच निळ्या कोटाला राहिलाय. पण बायको न्हाणीघरातून ओरडली, ‘‘मी आहे ती!’’

काल मी जेवताना स्वयंपाक्याच्या दाढेची गोष्ट सांगितली होती. आज ती दुपारचं दवाखान्याचं काम बंद ठेवून, बॅग घेऊन सरळ बंदरावर गेली. बंदरअधिकारी म्हणाला, खलाशांना उतरायची बंदी आहे. ती म्हणाली, मला चढायची आहे का? त्यानं सगळे कागद चाळले. डॉक्टरनं चढू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

‘‘दाढ काढली?’’

‘‘एकाची काढली, चौघांच्या भरल्या. कप्तान रात्री दात खातो, त्याला काही तरी करायला हवं. आणि एक मेंढी माझ्यासमोर व्यायली.’’

‘‘अगं, यातून राजनैतिक पेच निर्माण झाला असता!’’

‘‘झाला असता तर तू आहेसच की,’’ ती म्हणाली. माझ्या कामावर तिचा विश्वास आहे हे पाहून बरं वाटलं.

१५ मार्च, शनिवार

पेच निर्माण झाला. मेंढ्या धडाधड व्यायला लागल्यात.

जहाजावर जन्मलेली कोकरं कोणत्या देशाची? आज तीन तास हीच बैठक. मंत्री खुशीत होते. ‘‘आपल्या पाण्यात जन्मली ना? मग आपली!’’ पलीकडच्या बाईंचं पत्र दुपारी आलं: जहाज त्यांच्या देशात नोंदलेलं, म्हणून कोकरंही त्यांची. संध्याकाळी दोन्हीकडच्या वाहिन्यांवर कोकरांची चित्रं होती. एकच चित्र होतं ते. खाली मजकूर वेगळा.

यावर मी नऊ पानं लिहिली. आयुष्यात एवढा आनंद मला कोणत्याही लिखाणात झाला नव्हता. या विषयावर आजवर कोणी लिहिलेलंच नाही! (का लिहिलं नसेल हा विचार जेवताना आला, पण मी तो झटकला.)

संध्याकाळी वारा फिरला. समुद्राकडून शहराकडे वाहू लागला. मंत्रालयाच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या, तरी वास फाइलींत बसला. २६ तारखेला, बुधवारी बंदराशेजारच्या मोठ्या हॉटेलात अकरा देशांची ‘सागरी सौहार्द परिषद’ आहे आणि अध्यक्ष आपले मंत्री आहेत. सचिवबाई आज पहिल्यांदाच मला थोड्या चिंतेत दिसल्या. विचारलं तर म्हणाल्या, ‘‘धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.’’ मला वाटलं, मेंढ्यांबद्दल बोलताहेत.

१८ मार्च, मंगळवार

पलीकडच्या सल्लागारबाईंचा फोन आला. औपचारिक कारण असं की माझ्या शेवटच्या पत्रात एक स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला होता, आणि त्यामुळे कोकरांच्या जागी कप्तान आपल्या मालकीचा होत होता. मी आभार मानले.

मग त्या म्हणाल्या, ‘‘एक विचारू? तुम्ही तुमचा झेंडा उलटा आहे हे ओळखता कसं?’’

‘‘ही माहिती गोपनीय आहे.’’

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. मग त्या हसताहेत हे लक्षात आलं. मलाही हसू फुटलं. मंत्रालयाच्या फोनवर कोणी हसलेलं चालतं की नाही ठाऊक नाही.

‘‘आता मी तुम्हाला आमचं गोपनीय सांगते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो खडक आमच्या रंगात कसा आला माहितीय? छापखान्यात रंग पसरला. दोन बेटं आणि एका शेजाऱ्याचं दीपगृहही थोडं आमचं झालंय.’’

‘‘अहो, मग सांगून टाका ना, छपाईची चूक म्हणून!’’

‘‘आता कसं सांगणार? तुम्ही निषेध केलात त्या दिवसापासून तो खडक आमच्या पूर्वजांचा झालाय. परवा त्याच्यासाठी मोर्चा निघाला. मोर्चातल्या एकानं मला विचारलं, खडक कुठल्या दिशेला आहे?’’

मी फोन ठेवला आणि बराच वेळ आखूड पायाच्या खुर्चीवर डुलत बसलो. हे मंत्र्यांना सांगावं का? सांगितलं तर ते म्हणतील, शत्रूनं चूक कबूल केली, आता आणखी ताणा. मी सांगितलं नाही. देशाशी प्रतारणा तर केली नाही ना मी?

२० मार्च, गुरुवार

सकाळी मंत्र्यांच्या दालनातून जोरात आवाज आला. आम्ही धावलो. सीमेवर काही झालं असं वाटलं. आक्रोड होता. दाढ अर्धी तुटली होती.

सचिवबाई माझ्याकडे वळल्या. ‘‘तुमच्या मिसेस दाताच्या डॉक्टर आहेत ना? जहाजावर गेल्या होत्या त्याच?’’ त्यांना हे ठाऊक होतं! पण त्या रागावलेल्या दिसल्या नाहीत. स्वतः गाडी मागवून मंत्र्यांना माझ्या बायकोच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. शहरात एवढे दंतवैद्य असताना हा योगायोगच म्हणायचा.

संध्याकाळी बायकोला विचारलं, ‘‘काय म्हणाले मंत्री?’’

‘‘काय म्हणणार? पाऊण तास तोंड उघडं होतं. अर्धा जबडा बधिर. मीच बोलत होते.’’

‘‘कशाबद्दल?’’

‘‘दाढेबद्दल. म्हटलं, किडलेलं उगाच धरून ठेवलं की वास सुटतो, शेजारच्या दातालाही त्रास होतो. बाहेर पाहुणे आले की तोंड उघडायची लाज वाटते. आपण होऊन वेळेवर मोकळं केलं तर सूज उतरते, आणि कोणाला कळतही नाही की काही होतं म्हणून. आणि म्हटलं, परवा एका स्वयंपाक्याची दाढ काढली, शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही त्यानं. त्याला लग्नाला जायचं होतं.’’

मी कपाळावर हात मारून घेतला. पाऊण तास! समोर देशाचे परराष्ट्रमंत्री, उत्तर देण्याच्या स्थितीत नाहीत, आणि ही बोलतेय काय, तर दाढा! जहाजाचा विषय काढायची केवढी संधी होती! मी असतो तर निदान टीप क्रमांक एकेचाळीसपर्यंत पोचलो असतो.

तसं तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘चुकलंच माझं. शनिवारी पुन्हा येणार आहेत, तेव्हा बघते.’’

आई आतून म्हणाली, ‘‘नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे दोन्ही एकदम झालं.’’ आईला हल्ली संदर्भ लागत नाहीत.

२२ मार्च, शनिवार

दवाखान्यातून मंत्री थेट मंत्रालयात आले आणि मला एकट्याला बोलावलं. बोलणं तोंडाच्या एका बाजूनं होत होतं.

‘‘प्राध्यापक, आपण झुकणार नाही.’’

‘‘नाही साहेब.’’

‘‘एक पाऊल मागे घेणार नाही.’’

‘‘मुळीच नाही.’’

‘‘पण बुधवारी सकाळी ते जहाज मला बंदरात दिसता कामा नये.’’

‘‘म्हणजे सोडायचं?’’

‘‘सोडायचं नाही!’’ ते ओरडले आणि गाल धरून बसले. जरा वेळानं खिडकीशी गेले, ती उघडली, लगेच बंद केली. मग अगदी हळू आवाजात, वर्गातल्या मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘‘तुमच्या त्या पुस्तकांत असं काही आहे का हो, की आपण बरोबर, तेही बरोबर, आणि जहाज जातं?’’

असं काही आहे का म्हणे! अहो, अर्धं पुस्तक तेच आहे! मी त्यांना सांगितलं की देशादेशांच्या करारात एक जुनं वाक्य असतं: ‘कोणत्याही पक्षाच्या हक्कास वा भूमिकेस बाधा न येता.’ हे वाक्य वर लिहिलं की खाली काहीही करता येतं आणि कोणी काही कबूल केलेलं नसतं. भांडण जसंच्या तसं शिल्लक राहतं, फक्त माणसं घरी जातात.

मंत्री माझ्याकडे बघतच राहिले. ‘‘हे आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘टीप क्रमांक एकेचाळीसमध्ये होतं.’’

घरी येऊन सांगितलं की माझ्या टिपा अखेर वाचल्या गेल्या. मंत्र्यांचं मन वळलं. बायको म्हणाली, ‘‘अभिनंदन,’’ आणि आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘‘हो हो, टिपांमुळेच.’’

२४ मार्च, सोमवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

पलीकडच्या बाई आमच्या मंत्रालयात येऊ शकत नव्हत्या, कारण ती माघार ठरली असती. मी त्यांच्या देशात जाऊ शकत नव्हतो, त्याच कारणानं. म्हणून आम्ही जहाजावरच भेटलो. त्यांचं म्हणणं, ही त्यांची भूमी. आमचं म्हणणं, हे आमचं पाणी. दोघंही आपापल्या देशातच होतो.

बाई माझ्याच वयाच्या, बुटक्या, चष्मा दोरीनं गळ्यात. त्याही पूर्वी शिकवायच्या. मी विचारलं, वर्गात किती असायचे? म्हणाल्या, ‘‘पाच. त्यातला एक झोपायचा.’’ मी सहा म्हणालो तेव्हा आवाजात थोडा गर्व आला असावा.

स्वयंपाक्याच्या टेबलावर मसुदा पसरला. झेंड्याचं चटकन मिटलं: ‘झेंड्याच्या दिशेबाबत उभय पक्षांच्या भूमिका अबाधित राहतील.’ नकाशाला थोडा वेळ लागला: ‘पुढील आवृत्तीत रंगांच्या छपाईबाबत योग्य ती काळजी घेण्यात येईल.’ कोकरांवर आम्ही दोघंही जीव तोडून भांडलो. माझी नऊ पानं होती, त्यांची अकरा. शेवटी ठरलं की कोकरांच्या राष्ट्रीयत्वाचा प्रश्न संयुक्त समितीकडे सोपवावा. निर्णय होईपर्यंत कोकरं आयांजवळ राहतील.

‘‘समितीची बैठक कधी?’’ मी विचारलं.

‘‘तारीख घालायचीच नाही. त्यातच तर सगळं आहे,’’ बाई म्हणाल्या. वास्तविक हे मला सुचायला हवं होतं.

मग गाडी अडली. मी लिहिलं होतं, ‘जहाज सोडण्यात येईल.’ बाई म्हणाल्या, सोडण्यात येईल म्हणजे धरणं कायदेशीर होतं असं होतं. त्यांनी लिहिलं, ‘जहाज निघून जाईल.’ मी म्हणालो, निघून जाईल म्हणजे आम्ही कधी धरलंच नव्हतं असं होतं. मग एवढे दिवस ते करत काय होतं? ‘मार्गस्थ होईल’, ‘प्रस्थान ठेवील’, ‘जाऊ शकेल’. एकेक शब्द घेतला आणि टाकला. दुपार टळली. दोन वेळा बाई उठून दारापर्यंत गेल्या. एकदा मीही गेलो, पण बाहेर मेंढ्यांनी वाट अडवली होती म्हणून परत येऊन बसलो.

कप्तान कोपऱ्यात बसून हे ऐकत होता. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. ‘‘तुम्हा दोघांना कळतंय का, एका शब्दापायी हा माणूस बिनलग्नाचा राहणार आहे!’’

स्वयंपाकी आमच्यासाठी चहा गाळत होता. त्याचा हात थांबला. गाल आता उतरला होता आणि त्यामुळे त्याचा चेहरा पहिल्यांदाच नीट दिसला. सव्वीस-सत्तावीसचा असेल. रडत वगैरे नव्हता. आपलं नशीब दोन अनोळखी माणसं शुद्धलेखनात तपासताहेत अशा नजरेनं तो बघत होता.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मी पेन घेतलं आणि मसुद्यातली ती ओळ खोडली. मग लिहिलं: ‘बुधवारी सकाळी जहाज बंदराबाहेर असेल.’

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. ‘‘सोडलं कोणी?’’

‘‘लिहिलेलं नाही.’’

‘‘गेलं का आपण होऊन?’’

‘‘तेही नाही. नुसतं असेल.’’

‘‘बाहेर असेल,’’ त्या म्हणाल्या, ‘‘सुंदर आहे हो!’’ आयुष्यात माझ्या वाक्याला कोणी सुंदर म्हटलेलं नव्हतं. आम्ही सह्या केल्या. चहा गार झाला होता, पण प्यालो.

२६ मार्च, बुधवार

पहाटे उजाडता उजाडता आम्ही धक्क्यावर होतो. बायकोही आली, कप्तानासाठी तिनं रात्री दातात बसवायची पट्टी केली होती.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि ऐन वेळी बंदरअधिकारी आडवा आला. अपराध दुरुस्त झाल्याशिवाय त्याला जहाज हलू देता येत नव्हतं. झेंडा सरळ लावा! मी मसुदा दाखवला, भूमिका अबाधित वगैरे वाचून दाखवलं. तो ऐकेना. हॉटेलच्या दारात परिषदेच्या गाड्या लागायला सुरुवात झाली होती.

कप्तानानं झेंडा उतरवला, उलटा केला आणि पुन्हा चढवला. बंदरअधिकाऱ्यानं मान तिरपी करून बराच वेळ निरखलं.

‘‘हं,’’ तो म्हणाला, ‘‘आता कसं!’’

जहाज हललं. दोन हजार मेंढ्या आणि ती अनिर्णित कोकरं एकदम ओरडायला लागली. स्वयंपाकी कठड्याशी उभा होता. त्यानं बायकोकडे बघून तोंड मोठ्ठं उघडलं आणि दाढेच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. ‘‘भरून आलीय छान,’’ बायको म्हणाली आणि नाक पुसलं. वारा होता.

दुपारी मंत्र्यांनी अकरा देशांपुढे भाषण केलं. आपल्या देशानं आंतरराष्ट्रीय कायद्याचा नेहमीच काटेकोर आदर केला आहे, असं म्हणाले. शेजारच्या देशाचे प्रतिनिधी उठले आणि त्यांनीही आपल्या देशाबद्दल तेच सांगितलं. टाळ्या सारख्याच पडल्या.

२ एप्रिल, बुधवार

पुन्हा कॉलेज. आज वर्गात एकोणीस जण होते. सगळ्यांनी कोकरं टीव्हीवर पाहिली होती.

मी तपशीलवार सांगितलं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. ‘‘सर, मग कायदा मोडला कोणी?’’

‘‘कोणीच नाही. दोन्ही देशांनी तसं लेखी दिलंय.’’

‘‘मग पाळला कोणी?’’

वर्ग हसला. शेजारच्या दालनातून व्यापारी कायद्याचा हशा आला. मी खडू हातात घेऊन उभा राहिलो आणि माझ्या नोट्समध्ये नसलेलं बोलायला लागलो. म्हणालो, महिनाभर दोन्ही देश खोटं बोलले. मीही त्यात भर घातली. पण एवढ्या दिवसांत एकाही बाजूनं एकदाही असं म्हटलं नाही की कायदा गेला खड्ड्यात, आमची मर्जी. बोट धरली तरी कारण शोधलं, उलट्या झेंड्याचं का होईना. कारण न देता धरायची लाज वाटली. ती लाज आहे ना, तेवढाच आंतरराष्ट्रीय कायदा. त्याला पोलीस नाही.

‘‘एवढाच?’’ मुलगी म्हणाली.

‘‘एवढाच. पण तेवढ्या फटीतून एक अख्खं जहाज बाहेर पडलं.’’

हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. आपोआप तोंडून गेलं. मुलीनं ते वहीत लिहून घेतलं, मग मान वर करून विचारलं, ‘‘सर, हे परीक्षेला आहे का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

तिनं पट्टी घेतली आणि एक सरळ रेघ मारली. वाक्याखाली मारली का वाक्यावरून, ते मला फळ्यापासून दिसलं नाही.